कमरेखाली बधिर, कमरेवर तिखट

कोरियातल्या मोकपो बंदराच्या मासळीबाजारात बोंगसिम आजीच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. बर्फावरून घसरून तिनं खुब्याचं हाड मोडून घेतलं. भूलतज्ज्ञ सो मिराननं तपासलं, तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिच्या दोन नळ्या जवळजवळ बुजलेल्या.

"पाठीत एक सुई टोचा आणि मोकळ्या व्हा," सर्जन बांग म्हणाले. "मला भूक लागलीय."

"एकदम भूल चढली तर कमरेखालच्या शिरा सैलावतील, रक्त पायांत उतरेल, दाब कोसळेल. मग हृदयानं काय प्यायचं, तुमच्या नूडल्सचं पाणी?"

मिराननं मणक्यांत बारीक नळी बसवली आणि औषध थोडं थोडं सोडायला घेतलं.

आजी टक्क जागी. "अगं पोरी, माझे पाय कुठं गेले?"

"जागेवरच आहेत, आजी."

"लक्ष ठेव. या टकल्याकडं हातोडी आहे. डॉक्टर आहे की सुतार?"

"गप्प पडा हो, आजी!" पडद्यापलीकडून बांग ओरडले.

"माझा नवरा जन्मभर हेच म्हणत होता. मेला बिचारा."

नर्सा हसू दाबत होत्या. "पाय अजून आखडलाय, भूल वाढवा ना जरा," असा बांगनी तगादा लावला, तेव्हा मिराननं पुढचा डोस जरा लवकरच सोडला. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की आजी बोलत नाहीये.

"आजी?"

"छातीवर... लोणच्याचा रांजण ठेवलाय कुणीतरी."

रक्तदाब घसरला होता, मॉनिटरवरची हृदयाची रेघ खाली वाकली होती. "हात थांबवा!" मिरान कडाडली. बांगचे हात जागीच थिजले. तिनं शिरा आवळणारं औषध दिलं, सलाइन बेतानंच वाढवलं, कारण जास्त पाणी झालं तरी ते हृदय बुडालं असतं. वाकलेली रेघ वर येईना. मिरानला स्वतःच्याच कानशिलात लगावावीशी वाटली. मग दाब चढू लागला, रेघही हळूहळू सरळ झाली.

"झोपलात की काय सगळे?" आजी खेकसली. "शिवा लवकर!"

मिरानला हसूही आलं, रडूही.

ऑपरेशन पार पडलं. पाठीतली नळी मिराननं दुखणं दाबायला तशीच ठेवली. वेदना नसली की हृदयही धावाधाव करत नाही. आठवडाभरात आजी काठी टेकत उभी राहिली आणि मुरवलेला, नाकातले केस जाळणारा मासा तिनं सुनेकडून मागवला. निम्मा वॉर्ड बाहेर पळाला.

"खा, टकल्या," आजीनं बांगपुढं तुकडा धरला. बांगनी डोळे मिटून गिळला.