ओठांवरचं बोट

"प," आवाजबाई म्हणाल्या.

आरशासमोर बसलेल्या पाचही मुलांनी उजव्या हाताचं बोट उचललं, ओठांच्या कोपऱ्यावर दाबलं आणि मग एकामागून एक "प" म्हणून टाकलं. चिमणीनं तर बोट इतकं रुतवलं की गालाला खळगा पडला.

"हे बोट कशाला?" दारातून आवाज आला.

दारात मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या. मुलांना अर्थातच काही ऐकू गेलं नाही. आवाजबाईंनी मात्र आरशात पाहिलं. पाच बोटं पाच ओठांवर. सहावं त्यांचं स्वतःचं.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

ही बहिऱ्या मुलांची शाळा. ऐकणारं मूल बोलायला कानानं शिकतं. न ऐकणारं मूल डोळ्यांनी शिकतं आणि तळहातानं शिकतं. 'प' म्हणताना दोन्ही ओठ मिटतात, आत हवा साठते आणि फटकन सुटते. मुलाचा तळहात तोंडापुढे धरला की त्याला तो धक्का लागतो आणि ते हसतं. आवाजबाईंनी आयुष्यभर हेच केलं होतं. त्यांच्या हाताखालून बोलायला लागलेली मुलं आता बापे झाली होती, कुणी सुतार, कुणी छापखान्यात. पण आता बाईंच्या ओठाची उजवी बाजू मिटत नव्हती. हवा साठायच्या आधीच तिकडून निसटायची. म्हणून त्यांनी युक्ती काढली होती, कोपरा बोटानं दाबून धरायचा. आणि मुलांनी बोटासकट 'प' उचलला होता. का नाही उचलणार? बाईंचा चेहरा हेच तर त्यांचं पुस्तक.

"जरा बाहेर येता?" मोठ्या बाई म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. शाळा चालवून दमलेल्या होत्या.

"मुलं चुकीचं शिकतायत. कळतंय ना?"

"आत्ता कळलं. मोडते त्यांची सवय."

"कशी मोडणार? तुम्ही बोट काढलंत तर 'प'चा 'फ' होतो. बोट लावलंत तर मुलं बोट लावतात. नव्या सत्रापासून हा वर्ग नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षिकेला देऊ या. तुम्ही ग्रंथालय बघा. आणि आज... आज लस द्यायला नर्स येतेय. सगळे पालक येतील. आज तुम्ही मागच्या खोलीतच बसा."

"का?"

"का म्हणजे? गावभर झालंय, बाईंचं तोंड लशीनं वाकडं झालं. तुम्हाला बघून एकही आई मूल पुढं करणार नाही."

"तोंड लपवायला मी काय कुणाचं घर फोडलंय?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. मागच्या खोलीत मोडकी बाकं ठेवतात. मी बसणार नाही तिथं."

गेल्या वर्षी साथ आली तेव्हा शाळेतल्या सगळ्या मोठ्यांनी लस घेतली होती. सगळ्यांचे दंड दुखले आणि विषय संपला. आवाजबाईंचा संपला नाही. दोनेक आठवड्यांनी एका सकाळी चूळ भरताना पाणी उजवीकडून ओघळलं. आधी त्यांना वाटलं, झोप उतरली नसेल. मग आरशात पाहिलं, तर अर्धा चेहरा हसत होता आणि अर्धा ढिम्म.

डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज आहे.

"लशीनं?"

"असू शकेल. फार विरळ होतं असं. नसेलही, लस न घेतलेल्यांनाही हे होतं. मी छातीठोक सांगणार नाही. आणि दुसऱ्या कुणी छातीठोक सांगितलं तर ऐकू नका."

बहुतेकांचा चेहरा बरा होतो, तेही खरं. बाईंचा अर्धामुर्धा झाला. डोळा मिटू लागला, ओठ राहिला.

त्यानंतर लोकांनी त्यांच्या तोंडावरून दोन तट केले. एका तटाला ते झाकायचं होतं, दुसऱ्याला मिरवायचं होतं. धाकटा दीर दुसऱ्यातला. "वहिनी, फोनसमोर दोन मिनिटं बसा. फक्त सांगा, लशीनं माझं वाटोळं केलं. बघा कुठल्या कुठं पोचता!"

"आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगू का पुढं?"

"ते नको. लांबतं."

"मग राहू दे. तोंड अर्धं गेलंय, वाक्यं तरी अख्खी राहू देत माझी."

दीर आठवडाभर रुसला. जेवायला मात्र वेळेवर येत होता.

दुपारी नर्स आली. सभागृहात टेबल मांडलं, बर्फाची पेटी ठेवली. आज मुलांना गोवराची लस होती. आवाजबाईंनी खुर्ची उचलली आणि टेबलाच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी ठेवून बसल्या. मोठ्या बाईंनी दुरून डोळे वटारले. आवाजबाईंनी अर्धं हसून दाखवलं. तेवढंच येत होतं.

पालकांत कुजबुज सुरू झाली. ती कुजबुज मुलांना ऐकू जात नाही, दिसते. चिमणीनं आईचा पदर ओढला आणि खुणेनं विचारलं, काय झालं? आई तिला घेऊन थेट आवाजबाईंपुढं आली.

"बाई, खरं सांगा. लशीनंच झालं ना हे?"

नर्सचा हात पेटीवर थबकला.

"लशीनंतर झालं," आवाजबाई म्हणाल्या. "लशीनं झालं असेल. माझं मन हो म्हणतं. डॉक्टर म्हणतात नक्की सांगता येत नाही, आणि माझ्या मनापेक्षा त्यांना जास्त कळतं."

"आणि तरी म्हणता पोरीला टोचा?"

"ही लस वेगळी. पण तुमची भीती तीच आहे, तेव्हा ते सोडून देऊ. तुमची चिमणी बहिरी कशानं झाली?"

"तापानं. गोवर नव्हता तो, दुसरा ताप होता."

"तिच्या शेजारी बसतात ते दोघं भाऊ माहीत आहेत ना? त्यांचे कान गोवरात गेले. तेव्हा त्यांच्या गावात लस पोचली नव्हती. मी दोन्हीकडचं रोज बघते. वर्गात त्यांना, आरशात मला."

"पण माझ्याच पोरीला काही झालं तर?"

"तर मी 'विरळ आहे हो' म्हणून तुमची समजूत काढणार नाही. ज्याला होतं त्याला ते विरळ नसतं. मला विचारा." बाईंचा आवाज चढला. 'विरळ'मधला 'व' फुसकन निसटला. त्यांनी बोट लावलं नाही. "म्हणून नर्सबाईंना सगळं विचारा. टोचल्यावर काय होऊ शकतं, काय दिसलं तर धावत यायचं. सांगितल्याशिवाय दंड पुढं करू नका."

"बाई!" मोठ्या बाई पुढं आल्या. "अहो, तुम्ही घाबरवताय की समजावताय?"

"खरं सांगतेय. त्यानं काय होईल ते होवो."

एक बाप मुलाचा हात धरून निघून गेला. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. बाकीचे मात्र टेबलाभोवती जमले आणि प्रश्नांचा पाऊस पडला. ताप किती येईल, पुरळ येतं का, मागं आकडी आली होती तर चालेल का. नर्सनं एका मुलाला तपासून आज नको म्हणून सांगितलं, तेव्हा लोकांचा तिच्यावरचा विश्वास उलट वाढला.

चिमणीची आई सगळ्यांत शेवटी आली. "बाई, तुम्ही समोर बसा तिच्या."

आवाजबाई खुर्ची सरकवून चिमणीसमोर बसल्या. आईनं तिला मांडीवर घेतलं आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले. हात धरले म्हणजे त्या पोरीची अर्धी भाषाच धरली. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. बाईंनी डोळ्यांनी सांगितलं, दुखेल. थोडंसंच, पण दुखेल.

सुई टोचली. चिमणीला हात हलवता येईनात, बोट ओठाशी नेता येईना. दोन्ही ओठ गच्च मिटले आणि फुटले.

"बाई!"

सभागृहात सगळ्यांनी ऐकलं. स्वच्छ, जाड, भरलेला 'ब'. 'प'चाच सख्खा भाऊ. आईनं तोंडावर हात ठेवला. एवढं नीट तिनं पोरीच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आवाजबाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"ऐकलं मी," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण त्यानं प्रश्न सुटत नाही. तिला ओठ येतात. तुम्हाला दाखवता येत नाहीत."

"हो. ते खरं आहे."

"मग?"

"मग वर्ग माझा, ओठ तुमचे. रोज सकाळी थोडा वेळ येऊन बसा माझ्या शेजारी. मी शिकवीन, तुम्ही म्हणा. ग्रंथालयात मी जाणार नाही. माझा ओठ मेलाय, मी नाही."

मोठ्या बाईंनी नर्सला निरोप दिला, बर्फाची पेटी गाडीपर्यंत पोचवली. मग परत आल्या त्या थेट वर्गात. तिथं मुलांची बुटकी स्टुलं होती. त्यातल्या एकावर त्या बसल्या तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागायचे बाकी राहिले. मुलं खिदळली.

"काय म्हणू?"

"प."

दंड चोळत बसलेल्या चिमणीला आवाजबाईंनी जवळ घेतलं. तिचा तळहात आपल्या हातात धरला. सवयीनं तो आपल्याच तोंडाकडे आला. अर्ध्यावर त्यांनी तो थांबवला, वळवला आणि मोठ्या बाईंच्या ओठांपुढं नेला.

"प," मोठ्या बाई म्हणाल्या.

हवेचा धक्का चिमणीच्या हातावर बसला. तिच्या बोटांच्या फटींतून थोडी हवा आवाजबाईंच्या हातालाही लागली.

"पुन्हा," आवाजबाई म्हणाल्या.