क्लच कोणी जाळला?

गळा फाडून सांगितलं, पण माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. गाडीचं कोण ऐकतं? थरथरले तर म्हणाले, इंजिन म्हातारं झालं. बंद पडले तर म्हणाले, पेट्रोलात कचरा आहे. आणि धूर काढला तेव्हा सरळ म्हणाले, हिला भंगारात द्या.

मी एक पांढरी, चार दारांची, हाताने गिअर टाकायची जुनी गाडी. या घडीला मस्कतला वादी कबीरच्या एका गॅरेजात लिफ्टवर टांगलेली आहे. चाकं हवेत, पोट उघडं. येणारा जाणारा वर बघतो आणि मान हलवतो. या वयात ही शोभा!

माझं शिक्षण पाचवीपर्यंत, म्हणजे पहिल्या गिअरपासून पाचव्यापर्यंत. पुढे काही नाही. पण माणसाचा पाय ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही. कारण मी साधी गाडी नव्हते, शिकाऊ गाडी होते.

जन्म जपानचा. जहाजातून आले आणि थेट ओमानातल्या इब्री गावी उमामा मॅडमच्या दारात उभी राहिले. उमामा मॅडम बायकांना गाडी शिकवायच्या. माझ्या अंगावर शिकाऊ गाडीचा तांबडा पट्टा होता आणि त्यांच्या बाजूला एक जास्तीचा ब्रेक. किती बायका आल्या त्याचा हिशोब मी ठेवला नाही. कोणी क्लचवर पाय असा ठेवायची जसा झुरळावर ठेवतात. कोणी रडायची. मॅडम म्हणायच्या, "श्वय्या, श्वय्या," म्हणजे हळू, हळू. मग हळूहळू पाय शहाणा व्हायचा.

कुलसुम त्यातलीच. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून लग्न करून आलेली, चौथी शिकलेली. मॅडमचं अरबी तिला कळेना, तिचं मराठी मॅडमना कळेना. दोघी हातवाऱ्यांवर बोलायच्या. पण पाय काय हलका! पहिल्या दिवशी तिने क्लच सोडला आणि मला वाटलं, ही बाई आधी होडी वल्हवत असणार.

ओमानात लायसन्स म्हणजे गंमत नाही. आधी ड्रमची टेस्ट: उभ्या ड्रमांच्या मधून मागे मागे यायचं, ड्रमाला शिवायचं नाही. मग चढावाची: अर्ध्या चढावर थांबायचं, परत निघायचं, आणि गाडी वीतभरही मागे घसरता कामा नये. शेवटी पोलीस शेजारी बसवून रस्त्यावर. कुलसुमने तिन्ही टेस्ट एका खेपेत मारल्या.

त्याच मैदानावर, शेजारच्या पुरुषांच्या रांगेत, तिचा नवरा होता. त्यांचं नाव मी घेत नाही. कुलसुम घेत नाही, म्हणून मीही घेत नाही. तिच्या तोंडी पहिल्यापासून "अवो", आणि मुलगी झाल्यावर "समरीनचे अब्बा". तर समरीनचे अब्बा चढावावर घसरले. पुढच्या खेपेला घसरले. त्याच्या पुढच्या खेपेला घसरून मागच्या ड्रमाला जाऊन बसले. हे मी माझ्या दोन्ही दिव्यांनी पाहिलंय. शेवटी कंटाळून त्यांनी ऑटोमॅटिकचं लायसन्स काढलं. त्यात चढावाची टेस्ट नसते.

यात लाज कसली? काहीच नाही. पण माणसाला लाज वाटते आणि मग तो बोलायला लागतो.

उमामा मॅडमनी काम सोडलं तेव्हा कुलसुमने मला घेतलं. ती मला चालवायची आणि समरीनचे अब्बा शेजारी बसून गावच्या भावाला फोनवर सांगायचे, "अरे, मीच शिकवली हिला. पहिल्या फटक्यात पास केली." कुलसुम आरशात बघायची आणि गप्प गिअर बदलायची. अगं बोल ना! नाही. दीर ऐकतोय, नवऱ्याची मान खाली जाईल. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे, आणि गाडीचं डोकं तापणं बरं नव्हे.

पुढे त्यांना मस्कतमध्ये, कुरुम भागात एका नळ-टाइल्सच्या शोरूममध्ये मॅनेजरची नोकरी लागली. जवळच मदिनत सुलतान काबूसला, चांगल्या उभ्या चढावर भाड्याचं घर मिळालं. मोठी, चकचकीत ऑटोमॅटिक गाडी आली. कुलसुमला सांगण्यात आलं, "इथे ट्रॅफिक फार गो, तू नको." मला कव्हर घालून अंगणात उभी केली. पण कुलसुम दर शनिवारी कव्हर काढायची, मला सुरू करायची, खालच्या चौकापर्यंत नेऊन आणायची. आणि तिचं लायसन्स? मुदत संपली की नवं करायची आणि माझ्या डोक्यावरच्या सन व्हायझरमध्ये खोचून ठेवायची. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही. मला कळलं.

माझ्या डिकीत एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा आहे. फ्यूज आणि जास्तीचे बल्ब त्यात असतात. कुलसुमचे वडील जहाजावर होते, त्यांनी तो फ्रान्सच्या बंदरातून आणलेला. झाकणावर पांढराशुभ्र कडा, त्याला समुद्रात उतरलेली दगडाची कमान. लहानपणी ते तिला सांगायचे, मी हा कडा जहाजावरून रोज बघायचो, पण खाली उतरून कधी गेलो नाही, सुट्टीच मिळाली नाही.

या वर्षी डिकी आवरताना समरीनने ते झाकण पाहिलं. समरीन बारावीला आहे आणि शाळेत फ्रेंच शिकते.

"अम्मी, हे तर एत्रता आहे! हे रिअल प्लेस आहे!"

"खरं आहे होय?" कुलसुम म्हणाली. "मला वाटलं रंगवलेलं."

पंचवीस वर्षांत या घराची सुट्टी म्हणजे गाव. कोणाची सुंता, कोणाचं लग्न, कोणाची खोली बांधायची. या वेळी कुलसुम म्हणाली, "या ईदला गाव नाय. मला हा कडा बघायचा हाय." एवढंच. तिने पंचवीस वर्षांत मागितलेली ही एकच गोष्ट.

मग माझ्या बॉनेटवर नकाशा पसरला गेला. मोबाइलवर कुलसुमला समजत नाही म्हणून समरीनने कागद आणला. पॅरिसला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची, सफरचंदांच्या बागांतून, गाईंच्या कुरणांतून, छोट्या छोट्या गावांतून जायचं आणि समुद्राला लागायचं. पाच दिवस.

"पाच दिवसांत अख्खा फ्रान्स होईल," समरीनचे अब्बा म्हणाले. "मस्कत ते सलाला एका दमात मारतो मी."

"अब्बा, ते डेझर्ट आहे, सरळ रोड. तिथे दर पाच मिनिटांनी गाव येतं. राउंडअबाउट येतं."

"राउंडअबाउट तू मला शिकव! ओमानात राहतो मी."

"मला कड्याजवळ एक आख्खा दिवस पाहिजे," कुलसुम म्हणाली. "बाकीच्या चार दिवसांचं काय ते तुम्ही करा."

ते ठरलं. मग समरीनने विचारलं, "गाडी ऑटोमॅटिक घेऊ ना? मॅन्युअल जास्त आहेत तिकडे, बट ऑटोमॅटिक पण मिळते."

इथे गप्प बसायचं होतं. हो म्हणायचं होतं. पण नाही.

"ऑटोमॅटिक म्हणजे मिक्सर," समरीनचे अब्बा म्हणाले. "बटण दाबा नि बसा. लेडीज लोकांची गाडी. गिअर हातात असला की गाडी ऐकते. मॅन्युअल कर."

मी कुलसुमकडे बघितलं. ती नकाशाची घडी घालत होती. ज्या बाईने लेडीज लोकांच्या रांगेत उभं राहून चढाव मारला ती घडी घालत होती! मला आपणहून हॉर्न वाजवता आला असता तर त्या दिवशी अख्खी कॉलनी बाहेर आली असती.

ड्रायव्हर म्हणून समरीनच्या अब्बांचं नाव लागलं. आणि मग त्यांना आठवलं की आपल्याला येत नाही.

"जरा हात साफ करतो," म्हणत त्यांनी माझं कव्हर काढलं. शुक्रवारी सकाळी कुरुमची पार्किंगची जागा रिकामी असते. कुलसुम शेजारी, समरीन मागे. त्यांनी क्लचवर पाय ठेवला आणि मला लगेच कळलं. झुरळावरचा पाय! बंद पडले. परत सुरू, परत बंद. मग त्यांनी अर्धा क्लच दाबून धरला आणि वर ॲक्सिलरेटर दिला. आतली क्लचची प्लेट घासायला लागली. मी ओरडले.

"आवाज येतोय अब्बा."

"बेअरिंग गेलंय हिचं."

माझं बेअरिंग! उमामा मॅडमच्या हाताखाली वाढलेली मी!

"अवो, पाय पूर्ण सोडा," कुलसुम हळूच म्हणाली.

"तू मला सांगणार?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. तीन शुक्रवार हेच. जळका वास यायला लागला. ते म्हणाले, पेट्रोल पंपवाल्याने काहीतरी मिसळलं.

चौथ्या खेपेला तर कहरच, तीही शुक्रवार सोडून कामाच्या दिवशी. दुपारी शाळा सुटायच्या वेळी, घराखालच्या चढावर, पुढे सिग्नल, मागे गाड्यांची ही रांग. मी अर्ध्या चढावर थांबलेली. हिरवा झाला. त्यांनी ब्रेक सोडला, क्लच धरला, मी मागे घसरले. परत ब्रेक. परत क्लच. धूर. मागच्या मोठ्या गाडीतून दिशदाशा, म्हणजे इकडचा पायघोळ झगा, घातलेला एक माणूस उतरला आणि हात हलवून म्हणाला, "यल्ला, यल्ला भाई!" मी त्याच्या बंपरपासून हातभर लांब. कुलसुमने वाकून हँडब्रेक खेचला म्हणून वाचले. मग मी बंदच पडले. आपणहून. मला पुरे झालं होतं.

रिकव्हरीच्या गाडीने ओढत इथे आणलं.

आज सकाळी तिघं आले. गॅरेज हुसैनमियाँचं, रायगडकडचा माणूस. त्यांनी माझी प्लेट काढून टेबलावर ठेवली. काळीठिक्कर.

"झालं ना?" समरीनचे अब्बा म्हणाले. "जुनी झाली. तिची मुल्किया, रजिस्ट्रेशन, पण संपत आलं, नवं करण्यात अर्थ नाय. भंगारवाल्याला बोलवा. आणि कुलसुम, ते फ्रान्स आता राहू दे. प्रॅक्टिस झाली नाय, गाडीने दगा दिला. माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न हाय, गावाला जाऊ."

म्हणजे बघा! मी भंगारात जाणार ते जाणार, वर तिचा कडाही मीच बुडवला!

समरीनने मोबाइल काढला. बुकिंग रद्द करायला भाड्याच्या गाडीवाले ड्रायव्हरच्या लायसन्सचा नंबर मागत होते. अब्बांनी खिशातलं कार्ड दिलं. ती नंबर टाकता टाकता थांबली.

"अब्बा, यावर ऑटोमॅटिक ओन्ली लिहिलंय."

"ते छापताना चुकलं असेल."

"अम्मी?"

गॅरेजात कुठेतरी पाना खाली पडला. मला वाटलं, झालं, आता ही परत घडी घालणार.

"हुसैनमियाँ," कुलसुम म्हणाली, "हिला जरा खाली घ्या."

त्यांनी बटण दाबलं, मी तिच्या छातीएवढ्या उंचीवर आले. तिने माझं दार उघडलं, हात घालून सन व्हायझरमधलं कार्ड काढलं आणि समरीनच्या हातात दिलं.

"रद्द करू नको. नाव बदल. माझं टाक."

"अगो, हायवेवर तू..." अब्बा म्हणाले.

"अवो, तुम्ही नकाशा बघा. राउंडअबाउटचं तुम्हाला सगळं येतं."

समरीन हसली. हुसैनमियाँनी दाढीत हसू लपवलं आणि जॉब कार्ड पुढे ओढलं. "नवी प्लेट टाकतो. इंजिन झकास हाय हिचं. चढाववाली गाडी हाय ही."

"हिच्यावरच रोज सराव करीन निघेपर्यंत," कुलसुम म्हणाली. मग जरा थांबली. "मीच इतकी वर्षं हो ला हो म्हणत बसले. त्यात हिची प्लेट गेली."

ऐकलंत? इतक्या वर्षांनी कोणीतरी ऐकलं. तर तुम्हा शिकल्या-सवरल्या माणसांना वायपर जोडून सांगते, गाडी बंद पडली की आधी पायाकडे बघा, मग गाडीकडे. आणि शेजारी बसलेली बाई काही सांगत असेल तर तोंड मिटा आणि पाय सोडा. उमामा मॅडम कुठे असतील त्यांना माझा सलाम. मी अजून ड्रम पाडलेला नाही.

हुसैनमियाँनी पेन उघडलं. "भाभी, या रकान्यात बिघाडाचं कारण लिहावं लागतं. काय लिहू? गाडी जुनी?"

समरीनचे अब्बा लगेच म्हणाले, "हा, तेच लिहा."

कुलसुमने माझ्या दारावर हात ठेवला. ज्या नावाला पंचवीस वर्षांत तिची जीभ एकदाही वळली नव्हती, ते नाव तिने हुसैनमियाँना नीट लिहिता यावं असं, हळू, श्वय्या श्वय्या, सांगितलं.

"मुस्तफा."