शिळाछापाचे दोन खंड

पुस्तक विकत घ्यायचं तर आधी त्याला नावं ठेवायची, ही आमच्या ताश्कंदच्या जुन्या पुस्तकबाजाराची रीत. कसर लागलीय म्हणायचं, शिवण उसवलीय म्हणायचं, तोंड वाकडं करायचं. पुस्तक खरंच आवडलं असेल तर जास्तच. दुकान लावून लावून मी म्हातारी व्हायला आले, पण या विद्येत माझ्या जुन्या गिऱ्हाइकाचा, शोमुरोद-अकाचा हात धरणारा एकच पाहिला, तो म्हणजे तोलागन-अका. वयाने मोठ्या पुरुषाला आम्ही अका, म्हणजे दादा, म्हणतो. दोघंही पक्के खडूस. शोमुरोदची बायको गेलेली, मूलबाळ नाही, घरात भिंतीभर नुसती पुस्तकं.

कोकंदच्या खानांचा एक शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून छापलेला इतिहास आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीचा पहिला खंड शोमुरोदकडे, दुसरा तोलागनकडे. जोडी पुरी करायची दोघांनाही हौस, आणि आपला खंड सोडायला कुणी तयार नाही. दर रविवारी माझ्या दुकानात चहा ढोसत एकमेकांच्या खंडाची निंदा करत बसायचे. मी म्हणायचे, अरे बाबांनो, गिऱ्हाइकाला टेकायला तरी जागा ठेवा. ऐकतंय कोण! पण खरं सांगते, आठवडाभरात शोमुरोदशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

मागच्या वसंतात एका रविवारी तोलागन लवकर आला. म्हणाला, डोळे अधू झालेत, लेक तिकडे रशियात ओरेनबर्गला न्यायला आलाय, उद्या सकाळच्या गाडीने कायमचा जातोय. खंड शोमुरोदला देऊन टाकायचाय, पण तू मध्ये तोंड घालू नकोस, मीच सांगेन.

शोमुरोद आला. तोलागनने रुमाल सोडून खंड पुढे सरकवला. झालं! याला वाटलं, हा आज विकायला तयार झाला. लागला सवयीने. समास कापलेत, पाणी लागलंय, शेवटचं पान चिकटवलंय. "असलं भंगार फुकट दिलंस तरी घरात ठेवणार नाही मी," म्हणाला.

 तोलागनने खंड पुन्हा रुमालात बांधला, चहा संपवला आणि उठून गेला.

मला राहवेना. "विकायला नव्हता आला तो. द्यायला आला होता," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. शोमुरोद रस्त्यापर्यंत धावला आणि तसाच परत आला. इतक्या वर्षांत एकमेकांचं घर कुठे आहे, हेसुद्धा त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मग माझ्यावरच भडकला, आधी का नाही बोललीस म्हणून.

सकाळी स्वतःचा खंड छातीशी धरून तो स्टेशनवर गेला. पुढचं त्याच्याच तोंडून ऐकलं. तोलागन डब्याच्या दाराशी भेटला. याने खंड त्याच्या हातात दिला. म्हणाला, घे, जोडी तुझ्याकडे होऊ दे. तोलागनने तो पार डोळ्यांजवळ नेला, पानांवरून बोटं फिरवली.

"कोपरे झिजलेत रे. नको मला," म्हणाला आणि परत दिला. पण याचा हात धरला, तो गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

शोमुरोद अजून दर रविवारी येतो. मी थंडीचं काढते, बाजारभावाचं काढते, तो नुसतं हूं हूं करतो. जीव तुटतो माझा, पण मी त्याला कुठे पुरणार? परवा त्याने आपला तो पहिला खंड माझ्यापुढे ठेवला. त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, किती सुंदर आहे हो, एवढा जपलेला खंड कुठे शोधून सापडायचा नाही.

त्याने तो पुन्हा माझ्याकडे सरकवला.

"तसं नको म्हणूस, पोरी," म्हणाला. "नावं ठेव ना काहीतरी. आता कुणीच ठेवत नाही."