दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे

मार्युनच्या लग्नात ट्रॉन्डुरच्या समोर म्हणून यायचं नाही, असं मी घरूनच ठरवून निघाले होते. मार्युन माझी मावसबहीण. आणि ट्रॉन्डुरनं गेल्या आठवड्यात मला मागणी घातली होती. मी "सांगते" म्हणाले आणि धूम ठोकली. उद्या सकाळी त्याची बोट ग्रीनलंडकडे मासेमारीला निघणार, ती एकदम हिवाळ्यात परतणार. नाही म्हणायचं नव्हतंच मला. पण माझ्या बाबांना समुद्रानं नेलंय, त्यामुळे हो म्हणताना जीभ टाळ्याला चिकटत होती.

जेवणं उरकली, टेबलं हलवली, नाचाचं कडं जुळलं. आमच्या बेटांवरचा नाच म्हणजे शेजाऱ्यांचे हात धरायचे, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, आणि सगळ्यांनी मिळून पोवाडा गायचा. वाद्य नाही, बिद्य नाही. मी शाळेत गणित शिकवते, तेव्हा हिशेब केला. ट्रॉन्डुर दाराशी, मी पार समोरच्या भिंतीशी, मध्ये दोन्हीकडे निम्मं निम्मं गाव. सगळे एकाच दिशेनं सरकणार, म्हणजे अंतर जन्मात कमी व्हायचं नाही. काय माझी हुशारी!

पण माणसं घुसत राहिली आणि खोली काही वाढेना. कडं एका जागी आत वाकलं, मग दुसरीकडे, मग घड्यांवर घड्या. कोणी ठरवलं नव्हतं, कोणाला थांबवता येत नव्हतं. जो तो बिचारा आपली दोन आणि एक पावलं टाकत होता. आणि अचानक नाकासमोर ट्रॉन्डुर!

"तूरी, उत्तर तरी..." एवढ्यात वाहून गेला.

दुसऱ्याच घडीतून परत उगवला. "...दे की गं!"

"मुकाट्यानं नाच!" मी ओरडले.

"किती टांगून ठेवशील पोराला?" शेजारून मालनमावशी. तिला सगळं ठाऊक, म्हणजे गावाला ठाऊक. पायांखालची जमीन धडधडत होती, माझं डोकं गरगरत होतं, आणि मला वेड्यासारखं हसू येत होतं. तो परत येताना दिसला. मी डोळे गच्च मिटले.

"हो! करते लग्न तुझ्याशी!"

डोळे उघडले तर समोर ऐंशी वर्षांचे दान्यालकाका.

"माझी ना नाही, पोरी," काका म्हणाले. "हिला विचारतो."

"घेऊन जा बाई," त्यांचा हात धरलेल्या काकू म्हणाल्या. "औषधांची पिशवीही ने."

हशा घड्याघड्यांतून पसरत गेला, पोवाड्याच्याही वर. मी लाजेनं लालबुंद. कोणीतरी ट्रॉन्डुरला सांगितलंच असणार, कारण पुढच्या वळणावर तो रडतच आला. गालांवरून पाणी घळघळत होतं, आणि दोन्ही हात शेजाऱ्यांनी धरलेले. पुसणार कशानं?

मी मावशीच्या हातातून माझा हात सोडवून घेतला.