स्वयंपाकघरातली हालचाल

मॅनेजरच्या खिशात फोन पुन्हा थरथरला आणि त्याने शेजारच्या टायरांच्या थप्पीवर दाणकन हात आपटला. "हालचाल आढळली. स्वयंपाकघर." अरे बाबा, स्वयंपाकघरात हालचाल नाही आढळणार तर काय आढळणार? तिथे त्याची आई होती, चालतंबोलतं माणूस होतं, ते हलणारच. पण हे त्या कॅमेऱ्याच्या टाळक्यात कोण घालणार! सकाळपासून नुसता भुंगा लागला होता. गोदामात माल उतरत होता, ट्रकवाला सहीसाठी खोळंबून वैतागला होता, आणि हा दर थोड्या वेळाने फोन काढून चोर बघायचा, तर दिसायची आपलीच आई.

गोदामात तो मॅनेजर होताच, पण घरातही बायको त्याला मॅनेजरच म्हणायची, आणि त्यात कौतुक कमीच असायचं. परसातली पाण्याची मोटर चोरीला गेली तेव्हा त्याने कॅमेऱ्यांचं मनावर घेतलं. एक फाटकावर, एक परसात, एक बाहेरच्या खोलीत आणि एक स्वयंपाकघरात, कारण मागचं दार तिथेच उघडतं. बसवणारा माणूस जाताना बजावून गेला होता, "साहेब, आहे त्या सेटिंगवर राहू द्या, उगाच हात लावू नका." असं म्हटल्यावर हा कसला गप्प बसतोय!

आधी त्याने चित्राचा आकार सगळ्यात मोठा केला. फाटकासमोरच्या गाडीचा नंबर वाचता आला पाहिजे म्हणे. मग मेमरी कार्ड भराभर भरायला लागलं आणि जुनं रेकॉर्डिंग पुसलं जायला लागलं. म्हणजे कुठेतरी काटछाट करणं आलं. त्याने फ्रेम रेटला कात्री लावली. सेकंदाला पंचवीस चित्रं कशाला हवीत? चोर काय नाचायला येतो? पाच चित्रं रग्गड झाली. हे सगळं त्याने जेवताना बायकोला समजावून सांगितलं, आणि आता रेकॉर्डिंग महिनाभर टिकेल असंही सांगितलं.

"मोटर तर गेलीच," बायको म्हणाली. "आता महिनाभर काय तिची रिकामी जागा बघत बसायची?"

आई समोरच जेवत होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिने दोघांच्या तोंडांकडे पाहिलं, मग ताटात पाहिलं.

ट्रक एकदाचा रवाना झाला आणि पुन्हा फोन वाजला. या वेळी ताई होती. त्याची थोरली बहीण, दुसऱ्या गावी एका छापखान्यात कामाला. चारही कॅमेरे तिच्या फोनवरही दिसायचे. ते त्यानेच मोठ्या हौसेने जोडून दिले होते.

"काय करून ठेवलंस तू त्या कॅमेऱ्याचं?"

"सुधारलाय."

"डोंबल तुझं सुधारलाय! मला आईचं एक अक्षर कळत नाहीये."

मॅनेजरने कपाळाला हात लावला. "ताई, तो कॅमेरा चोरासाठी आहे. आईशी बोलायचंय तर व्हिडिओ कॉल कर ना. फोन आहे की तिच्याकडे."

"फोन धरायला एक हात लागतो, शहाण्या. उरलेल्या एका हाताने ती काय बोलणार? तुझ्या अर्ध्या तोंडाला चिकटपट्टी लावते, मग तू बोलून दाखव. स्टँड घेऊन दिला होता मी, तो आमटीत पडला."

तर प्रकार असा होता. कॅमेरा आल्यापासून आईला चांगलीच सोय सापडली होती. भिंतीवरून तो सगळं बघतो, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. कणीक मळून झाली की ती हात पुसायची, कॅमेऱ्याकडे वळायची आणि ताईला सगळं सांगायची. शेजारीण काय म्हणाली, गुडघा कसा आहे, सून किती दमते. ताई जेवणाच्या सुट्टीत ते बघायची आणि उत्तर म्हणून स्वतःच्या हातांचा छोटासा व्हिडिओ करून पाठवायची. मायलेकींचं हे खुशाल चाललं होतं, आणि ज्याने कॅमेरे लावले त्याला याचा पत्ताच नव्हता. त्याला वाटत होतं, सेन्सर बिघडलाय.

"आता नीट ऐक," ताईचा आवाज खाली आला. "परवा मी आईला विचारलं, माझ्याकडे राहायला येतेस का. कायमची. काल तिने उत्तर दिलंय. चांगलं लांबलचक. आणि मला त्यातलं काय दिसलं? हात वर, हात खाली, हात गायब. मधलं सगळं तुझ्या त्या पाच चित्रांनी गिळलं."

"कायमची?" मॅनेजर टायरावर बसलाच. "मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं? जायचं की नाही, ते तिने ठरवायचंय."

"अगं, पण तिला इथे कमी काय आहे? स्वतंत्र खोली आहे. औषधं वेळेवर आणतो. दवाखान्यात मी स्वतः नेतो."

यातलं काहीही खोटं नव्हतं. मुलगा म्हणून नावं ठेवायला त्याने जागा ठेवली नव्हती, असं त्याला स्वतःला तरी वाटत होतं.

"ते मला नको सांगूस. मी तिला लिहून कळवलं की दिसलं नाही, पुन्हा सांग. तर म्हणे, एकदा सांगितलंय. चिडलीये ती. एकदा बोलली की दुसऱ्यांदा बोलत नाही, माहितीये ना तुला?"

त्याला माहीत नव्हतं. लहानपणापासून आई हातांनी सांगायची, ताई तोंडाने सांगायची आणि हा ऐकायचा. मध्ये ताई होतीच, मग शिकायची कटकट कोण करणार? ताई लग्न होऊन गेली तेव्हा याच्याकडे दहा-बारा खुणा होत्या. जेवण, पाणी, औषध, ये, जा, इथे, बोलणं, आहे, नाही. तेवढ्यावर इतकी वर्षं घर चाललं होतं. चाललं होतं म्हणजे अडलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर त्याने गोदामाच्या कोपऱ्यात जाऊन कालचं रेकॉर्डिंग काढलं. आई ओट्यापाशी उभी. हात पुसले. थेट कॅमेऱ्यात पाहिलं. मग हात छातीशी, एकदम कपाळाशी, एकदम कुठेच नाहीत. ताई म्हणाली ते शब्दशः खरं होतं. पण त्या धांदलीत एक खूण त्याला लख्ख ओळखू आली. फुगवलेला गाल आणि त्यावर दोन बोटांची चिमटी. ते त्याचं नाव होतं. लहानपणी रुसून गाल फुगवून बसायचा म्हणून आईने ठेवलेलं हातांचं नाव. पुन्हा हात गायब, आणि पुन्हा चिमटी. थोड्या वेळाने पुन्हा. आई त्याच्याबद्दलच बोलत होती, भरभरून बोलत होती, आणि त्याला त्यातलं स्वतःच्या नावापलीकडे काही कळत नव्हतं. त्याने रेकॉर्डिंग मागे नेलं, पुढे नेलं, डोळ्यांजवळ धरलं. मग चिडून फोन पालथा घातला.

संध्याकाळी घरी जाताना, खोटं कशाला बोला, एक विचार त्याच्या मनात आलाच. सेटिंग आहे तसंच राहू दिलं तर? आई दुसऱ्यांदा बोलत नाही, ताईला दिसत नाही, प्रश्न मिटला. आई इथेच राहील. फाटकावरच्या कॅमेऱ्याखाली तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

स्वयंपाकघरात आई भाजी निवडत होती. त्याने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, मग वेणी घातल्यासारखे हात फिरवले, म्हणजे ताई. डोळ्यांपाशी बोटं नेऊन "नाही" केलं. मग हवेत बोट गोल फिरवलं. पुन्हा. आईने भुवया उंचावल्या. चूक कोणाची? त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. आईने भाजीच्या जुडीनेच कपाळ बडवून घेतलं, आणि तिला हसू आलं. एवढ्यावर सुटलो असं त्याला वाटलं, पण खरी झकमारी पुढेच होती.

त्याने फ्रेम रेट पुन्हा पंचवीसवर नेला. फोन कानाशी, ताई पलीकडे.

"आई पुतळा झालीये," ताई म्हणाली. "हलतच नाही."

इतकं मोठं चित्र, तेही इतक्या वेगाने, घरच्या इंटरनेटला झेपत नव्हतं. त्याने निमूटपणे चित्राचा आकार उतरवला. गाडीचा नंबर गेला उडत.

"आता हलतेय. पण हात पसरतात रे. पाण्यात पीठ कालवल्यासारखे. बोटं कुठली, कळत नाही."

"आता ते काय नवीन?" तो खेकसला. अ‍ॅपमध्ये इकडून तिकडे हिंडला. बायको दारात उभी राहून मजा बघत होती.

"उजेड बघा की," ती म्हणाली. "मी किती दिवस सांगतेय, हा दिवा मिणमिणतोय म्हणून. आईंना मेथीतलं गवतही दिसत नाही."

खरंच होतं. अंधारात कॅमेरा एकेक चित्र घ्यायला वेळ लावतो, आणि तेवढ्यात हात पुढे गेलेला असतो. हे मॅनेजरने कुठेतरी वाचलंही होतं. त्याने बाहेरच्या खोलीतला मोठा दिवा काढून आणला आणि स्टुलावर चढला. आईने स्टूल घट्ट धरलं. दिवा लागला तसं सगळं स्वयंपाकघर उजळलं.

"दिसतंय!" ताई ओरडली. "स्वच्छ दिसतंय. अगं बाई, तिच्या बोटाला भाजलंय! कधी भाजलं?"

मॅनेजरने वळून पाहिलं. उजव्या हाताच्या बोटावर चांगला मोठा फोड होता, तोही सुकायला आलेला.

आईने हात पुसले, पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या, आणि बोलायला लागली.

मॅनेजर बघतच राहिला. हे असं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्याशी बोलताना आई एक खूण करायची, थांबायची, कळलं का बघायची, मग दुसरी करायची. लहान पोराला घास भरवावा तसं. आणि आता तिचे हात पाण्यासारखे वाहत होते. भुवया, खांदे, गाल, सगळंच बोलत होतं. तिने कुणाची तरी नक्कल केली. मान खाली, हातात फोन, तसंच चालत जाऊन दारावर आपटणं. ताई पलीकडे खळखळून हसली. नक्कल कोणाची, हे मॅनेजरला सांगायला नको होतं. मग गालावर चिमटी आली. पुन्हा आली. ताईचं हसणं थांबलं. आईचे हात थोडे संथ झाले, एकदा छातीशी टेकले आणि खाली आले.

मॅनेजरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई? काय म्हणाली?"

ताईने नाक ओढलं. "तुझ्यासमोर उभी आहे ना ती? तिलाच विचार." आणि फोन ठेवून दिला.

त्याला संतापच आला. हा काय चावटपणा! एका वाक्यात सांगितलं असतं तर हिचं काय गेलं असतं? पण आई समोर होती, त्याच्याकडेच बघत होती. त्याने फोन ओट्यावर ठेवला. तिच्याकडे बोट केलं, मग दाराकडे. तू जाणार?

आईने मान हलवली. हो. मग त्याच्यासाठी, एकेक खूण सुटी करून, थांबत थांबत तिने सांगितलं. इथे. जेवण आहे. औषध आहे. बोलणं नाही.

एकही खूण अशी नव्हती की जी त्याला येत नव्हती. म्हणून तर पळवाट उरली नाही. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण जेवण, पाणी, औषध, ये, जा यांतून ते जमवायचं कसं? हात अर्धवट वर आले आणि तसेच राहिले. नकळत त्याचे गाल फुगले. आईने हात लांब करून त्या गालाला चिमटी काढली, भाजल्या बोटाने, आणि भाजी निवडायला बसली.

आठवड्याच्या शेवटी ताई येऊन तिला घेऊन गेली. परत कधी, ते आईने सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही.

आता कॅमेरे अगदी शहाण्यासारखे वागायला लागले. बायकोही दिवसभर कामावर, त्यामुळे गोदामात फोन गप्प. मॅनेजर तो मधूनमधून काढून बघायचा, बंद तर पडला नाही ना म्हणून. फोन ठणठणीत होता. स्वयंपाकघरातून एकही सूचना नव्हती. हेच तर त्याला इतके दिवस हवं होतं, आणि आता त्या शांततेने त्याला नको नको करून सोडलं.

एका संध्याकाळी बायको यायच्या आत तो स्वयंपाकघरात गेला. मोठा दिवा लावला. फ्रेम रेट पंचवीसवरच होता, त्याला त्याने त्यानंतर हात लावला नव्हता. कॅमेऱ्यासमोर उभं राहताना त्याला भयंकर ओशाळल्यासारखं झालं, स्वतःच्याच घरात चोरी करायला आल्यासारखं. आधी गालावर चिमटी काढली. मग गोदामातल्या जेवणाच्या सुट्टीत, खुणांचे व्हिडिओ बघून बघून शिकलेल्या नव्या खुणा एकामागून एक ओवायला लागला. ताईच्या फोनवर आई बघेल, तिला दिवसभरातलं सांगायचं होतं. ट्रक उशिरा आला, ट्रकवाला भांडला, भाजी खारट झाली. मधेच बोटं अडकली, एक खूण विसरली, ती गाळून पुढे गेला. खिशात फोन थरथरत होता. हालचाल आढळली. स्वयंपाकघर. त्याने थरथरू दिला.

शेवटी घामाघूम होऊन त्याने फोन काढला. सूचनांच्या गर्दीत आईचा निरोप होता. लिहायचा तिला भारी कंटाळा, त्यामुळे जेमतेम एक ओळ.

"काही कळलं नाही. पुन्हा सांग."

मॅनेजर वैतागून स्वतःशीच हसला, डोळे पुसले, बाह्या वर सारल्या आणि ट्रकपासून पुन्हा सुरुवात केली.