चढावर अडून बसलेल्या रोलरचे म्हणणे

या मित्रांनो, जवळ या. असे लांब उभे राहू नका. माझी चाके आता गार आहेत, खुशाल टेकून बसा. एका चढाची आणि एका बाईची गोष्ट सांगतो. आवाज घोगरा आहे माझा, पण देवाने जो दिला त्यातच गायचे, नाही का?

मी एक जुना रोडरोलर आहे. वजन दहा टन. चाल अशी, की गोगलगायीनेही मागे वळून वाट पाहावी. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा पिवळा रंग झळझळत होता. माझे चालक, ज्यांना सगळे काका म्हणत, इंजिन सुरू करण्याआधी चाकाला हात लावून नमस्कार करीत. मग माझ्या धडधडीच्या ठेक्यावर भजन म्हणत दिवसभर आमचे पुढे-मागे, पुढे-मागे चाले.

आमच्या मुकादम होत्या मावशी. खडीचा थर दाबून झाला, की त्या अंगठ्याएवढा एक खडा थरावर ठेवीत आणि मला त्यावरून न्यायला सांगत. खडा फुटून भुगा झाला, तर खालचा थर पक्का. खडा आत रुतला, तर एकच हाक, "परत फिरवा!" मग सुट्टीची वेळ होवो, नाहीतर साहेबांचा पारा चढो.

रस्त्याला पैसा कुठून येई, ठाऊक आहे? पेट्रोल-डिझेलच्या दरात लिटरमागे थोडा वाटा रस्त्याचा असे. मग विजेवरच्या गाड्या आल्या. मी त्यांना नावे ठेवणार नाही. जन्मभर धूर ओकणाऱ्याने कोणत्या तोंडाने ठेवायची? हवा निवळली, फार छान झाले. पण या गाड्या पंपावर जात नाहीत, म्हणून रस्त्याचा वाटाही देत नाहीत. जातात मात्र रस्त्यावरूनच! हळूहळू कामे थांबली. मी महिनोन्‌महिने गोदामाच्या कुंपणाशी उभा. माझ्या आसनाखाली मांजरीने संसार थाटला.

अशात दवाखान्याचा चढ उखडला. मावशींची सून त्याच दवाखान्यात नर्स. विजेच्या स्कूटरवरून जाताना ती खड्ड्यात आपटली आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. ती बरी होऊन कामावर जाऊ लागली, तेव्हा कुठे दुरुस्ती निघाली, तीही निम्म्या पैशात. इंजिनिअर साहेब म्हणाले, "दोन फेऱ्या मारा आणि उद्या डांबर ओता."

दोन फेऱ्या झाल्या. मावशींनी खडा ठेवला. मी गेलो. खडा रुतला.

"थर पक्का झाला म्हणून मी सही करणार नाही, साहेब."

"मावशी, पैसेच नाहीत. तुम्ही नाही केलीत, तर उद्या दुसरा मुकादम येईल."

"येऊ दे. माझ्या नावावर हा रस्ता नको."

यावर काकांनी काय केले? मला चढावर आडवे घातले आणि इंजिन बंद केले. मित्रांनो, मी एकदा बंद झालो, की मला चालू करणे फक्त काकांनाच जमते.

"अहो, हे काय?" साहेब ओरडले.

"तापलाय तो," काका म्हणाले. मी तर गारढोण होतो! पण हललो नाही. हलणारही नव्हतो.

खाली रांग लागली. पुढे फर्निचरच्या दुकानाच्या मालकांची विजेवरची भली मोठी गाडी. "हटवा हे धूड!" ते म्हणाले. "आम्ही काय कर बुडवलाय? सरकारनेच माफ केलाय!"

मागे स्कूटरवर सून होती. "मग खड्डेही माफ करून घ्यायचे होते ना, दादा!"

साहेब वैतागले. "माफी जाणारच आहे. विजेच्या प्रत्येक गाडीला वर्षाला सारखीच रक्कम. कुणाची हरकत असेल तर लिहून द्या."

"सारखीच? माझा हा टोळ आणि यांचा हा हत्ती, सारखाच?" सून म्हणाली.

"हत्ती कुणाला म्हणतेस गं?"

"भांडता कशाला?" मावशी मध्ये पडल्या. त्यांनी त्या कच्च्या थरावर दोन खडे ठेवले. "पोरी, आधी तू जा."

स्कूटर खड्यावरून गेली. खडा होता तिथेच. मग मोठी गाडी दुसऱ्या खड्यावरून गेली.

"आता खडा शोधा, दादा," मावशी म्हणाल्या.

मालक खाली वाकले, बोटांनी खडी उकरू लागले. खडा दिसेना. "बॅटरीसकट अडीच टन आहे," ते हळूच म्हणाले. मग ताठ उभे राहिले. "ठीक आहे! वजनाप्रमाणे घ्या, जितके किलोमीटर पळेन तितक्याचे घ्या. पण त्या पैशाचा रस्ताच झाला पाहिजे. या बाईंचा खडा फुटला पाहिजे. नाहीतर एक दमडी मिळणार नाही!"

"आत्ता कसं बोललात," सून हसली.

माझ्याच चाकावर कागद ठेवून हरकत लिहिली गेली: सारखी रक्कम नको, वजन आणि अंतर पाहून घ्या. पहिली सही मालकांची, दुसरी सुनेची, मग सगळ्या रांगेची. शेवटी साहेबांनी माझ्या आणखी फेऱ्यांसाठी पलीकडच्या गल्लीच्या कामाचे राखलेले डिझेल मागवले. "ती गल्ली मला शिव्या घालणार," ते पुटपुटले.

"घालू दे. त्यांच्याकडेही कागद पाठवा," मावशी म्हणाल्या.

काकांनी मला चालू केले. अकरा फेऱ्या मारल्या. बाराव्या फेरीला खडा फुटला, आणि मावशींनी सही केली.

तो कागद वर गेला, अजून वरच आहे. काम अडवले म्हणून मावशींची मुकादमी गेली. ज्या टोळीला त्या हुकूम देत, तिच्यातच आता खडीच्या टोपल्या उचलतात. मी भंगाराच्या रांगेत आहे. पण भट्टीत जाईपर्यंत सांगत राहणार: ज्याचा भार, त्याने वाटा उचलावा, आणि वाटा घेणाऱ्याने रस्ता द्यावा!

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्ही बिनधुराच्या गाड्या जरूर चालवा. आपला वाटा मान वर करून भरा, आणि रस्ता कच्चा दिसला तर तशाच वर मानेने विचारा. मला विसरलात तरी चालेल. दवाखान्याचा चढ चढताना मावशींची तेवढी आठवण ठेवा.