सहा तारांचं चार तारांत

ताई दातांची डॉक्टर. तिचा उजवा खांदा आखडला आणि गिटार भिंतीला टेकली ती टेकलीच. कोपर अंगाशी धरून दात काढता यायचे, पण गिटारच्या त्या ऐसपैस पोटावरून हात टाकायला गेलं की खांद्यातून कळ निघायची.

तिची कुरकुर ऐकून धाकट्या भावाचे कान किटले. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळे सहनशक्ती दांडगी, पण तीही संपली. एक दिवस तो चार तारांची, कुशीत मावेल एवढी युकुलेली घेऊन आला.

“ही घे, तुझ्या गिटारची नात. अंगाखांद्यावर खेळवायला बरी.”

“हे खेळणं आहे,” ताईने नाक मुरडलं.

“मग खेळ की!”

ताई हट्टी. खेळायचंच तर गिटारवरची जुनी, संथ, उदास रचना वाजवायची, असं तिनं ठरवलं. गिटारच्या बाईंनी तिला तरुणपणी शिकवलेली. डाव्या हाताची बोटं ओळखीच्या जागी बसली. अंगठा मात्र फसायचा. गिटारची सगळ्यात वरची तार जाड आणि घोगरी, तर या पोरीची वरची तार उलट बारीक नि उंच. भरदार सुराच्या आशेनं अंगठा तिच्यावर पडला की ‘किण्’ व्हायचं.

“दार उघड गं, कुणीतरी घंटी वाजवतंय,” भाऊ म्हणायचा.

ताई दवाखान्यातही वाजवू लागली. इंजेक्शन चढेपर्यंत खुर्चीतला पेशंट आयताच श्रोता. त्यातल्या कुणीच तक्रार केली नाही. अर्थात सगळ्यांची तोंडं बधिर होती.

पण खर्जाशिवाय रचना उभी राहीना. ती म्हणे, “पायाच नाही रे या घराला.”

“एवढंच ना? पाया मी घालतो,” भाऊ म्हणाला आणि त्यानं हुंकार भरला. आवाज भरदार, सूरही बऱ्यापैकी. ताईने मान हलवली की त्यानं ‘हूं’ करायचं, असं ठरलं. तो नेमका उशीर करायचा.

“शिकाऊ माणसाला ब्रेक दाबायला सांगतोस, तेव्हा तो असाच उशिरा दाबतो का?”

“दाबतो. म्हणून माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तुझ्याकडे आहे?”

तालीम अशी भांडतभांडत झाली. बाईंना ऐकवायचं ठरलं, तेव्हा भावाने इस्त्रीचा शर्ट घातला.

बाई आता थकल्या होत्या. बोटं वाकलेली, कान मात्र तिखट. युकुलेली बघून त्या म्हणाल्या, “गिटार धुतलीस की काय? आटलेली दिसते.”

भाऊ खुश झाला. आपल्या तोडीचं माणूस भेटलं.

ताई वाजवू लागली. पहिली ओळ गेली. तिनं मान हलवली, हुंकार नाही. तिनं पुन्हा मान हलवली. भाऊ गुडघ्यावर हात ठेवून नुसता बसलेला. आता पायाविनाच घर उभं करायचं होतं. खालच्या सुरासाठी थांबणं तिनं सोडलं. वरची उंच तार शेजारच्या तारांत मिसळू दिली, एक सूर विझायच्या आत त्यावर दुसरा पडू दिला. गिटारवर जिथे जड पाऊल पडायचं, तिथे सूर एकमेकांच्या अंगावर रेलून रेंगाळले. उदासी तीच होती, फक्त तिचं वजन उतरलं होतं.

शेवटचा सूर गेल्यावर बाई पुढे सरकल्या.

“मी शिकवलं होतं ते हे नव्हे,” त्या म्हणाल्या. ताईचं तोंड उतरलं. “पुन्हा वाजव. मला नीट ऐकायचंय.”

ताईने पुन्हा वाजवलं.

जिना उतरताना तिनं भावाला गाठलं. “तोंडाला कुलूप कुणी लावलं होतं रे?”

“मी मुद्दाम गप्प बसलो. तुझ्या भल्यासाठी.”

“खोटारडा. विसरलास.”

“विसरलो नाही गं,” तो कठड्याकडे बघत म्हणाला. “पहिली ओळ ऐकली आणि मध्ये तोंड घालावंसंच वाटलं नाही.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला असं वाटलं होतं. ताईने ते त्याला सांगितलंही. मग दोघं हसत गाडीत बसली, आणि ताई चालवायला बसल्यामुळे भावाचा उजवा पाय घरापर्यंत नसलेला ब्रेक दाबत राहिला.